अर्ध्या हॉर्सपॉवरची आळी

विहिरीचं पाणी खारं व्हायला लागलं की ते सगळ्यात आधी चहाला कळतं. जिभेला तेव्हा काही जाणवत नाही. आंघोळीला, कपड्यांना, वाडीला पाणी ठीकच वाटतं. पण एका सकाळी आधणात दूध ओतावं आणि ते फाटावं. बाई दुधवाल्याला बोल लावते. दुसऱ्या दिवशी दूध बदलून बघते, तिसऱ्या दिवशी भांडं राखेनं घासून बघते. मग डाळ शिजेनाशी होते आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "मोटारवाल्या दत्ताला बोलवा. मोटार काहीतरी घाण ओढतेय."

तो मोटारवाला दत्ता मी. दिवेआगरच्या बाजूला, समुद्राला लागून असलेल्या, माडापोफळींच्या वाड्यांच्या गावांत मी पस्तीसएक वर्षं पाण्याच्या मोटारी बसवल्या, उतरवल्या, दुरुस्त केल्या. माझं स्वतःचं गाव आत, डोंगराकडे, भातशेतीचं. तरुणपणी मुंबईत पंपाच्या कारखान्यात हात काळे केले आणि मग इकडे नाक्यावर पत्र्याची शेड घालून बसलो. "पर्यावरणावर अंक आहे, तुम्ही लिहा," असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, पर्यावरणाची वाट कशी लावावी यावर मी जास्त अधिकारानं लिहीन. ते म्हणाले, "मग तेच लिहा."

आधी आमच्याकडच्या पाण्याची गंमत सांगतो. किनाऱ्यावर जमीन वाळूची. पावसाळ्यात पडलेलं पाणी त्या वाळूत मुरतं, पण खाली समुद्राचं खारं पाणी बसलेलंच असतं. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगत राहतं, दुधावर साय असावी तसं. आमच्या पंधरा-वीस हात खोल विहिरी त्या सायीत उतरलेल्या. बेताबेतानं काढलं तर साय पुढच्या पावसापर्यंत पुरते. खरवडून काढायला गेलं की खालचं वर येतं. पूर्वी रहाट होते. रेडा गोल फिरायचा, लोटे भरून यायचे, पाटानं पाणी माडापोफळींच्या आळ्यात जायचं. रेडा दमला की थांबायचा, आणि तो थांबला की विहीरही दम खायची. हे मला कुठल्या इंजिनिअरनं शिकवलेलं नाही. गोमाजीनं सांगितलं होतं. गोमाजी म्हणजे या आळीतल्या चार वाड्यांचं शिंपणं आणि माडावर चढणं सांभाळणारा माणूस. "रेडा हुता तवा इहीर जगत व्हती," तो म्हणायचा. "तुमची मोटार दमत न्हाय ना, मिस्त्री. त्येच वंगाळ हाय."

मी त्यावर हसायचो. दमणार नाही अशी मोटार विकणं हाच माझा धंदा होता.

ज्या आळीबद्दल सांगतोय ती अकरा घरांची. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला वाड्या, वाड्यांच्या मागे सुरूचं बन आणि मग समुद्र. प्रत्येक वाडीत एक विहीर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथे सगळीकडे अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटारी होत्या. मग एकानं एक हॉर्सपॉवरची बसवली, कारण त्याला शहाळ्यांच्या माडांची जास्तीची लागवड करायची होती. त्याची मोटार सुरू झाली की शेजारच्या विहिरीत फूटव्हॉल्व्ह उघडा पडायचा आणि शेजाऱ्याची मोटार हवा धरायची. फूटव्हॉल्व्ह म्हणजे पाइपाच्या तळाशी असलेली झडप, ती पाण्यात बुडालेली राहिली पाहिजे. शेजाऱ्यानं मला बोलावलं. मी पाइप वाढवला, दीड हॉर्सपॉवरची बसवली. मग त्याच्या पलीकडचा आला. त्याला दोनची. कुणीही चुकीचं वागत नव्हतं. ज्याला त्याला स्वतःची वाडी वाचवायची होती, आणि प्रत्येकाची अडचण मी सोडवत होतो. एकाची सोडवली की दुसऱ्याची तयार व्हायची. मला वाटायचं, धंदा असावा तर असा.

पुढे पर्यटक यायला लागले. घराघरांत पाहुण्यांच्या खोल्या निघाल्या, खोलीखोलीत शॉवर. सुरूच्या बनाजवळ मुंबईच्या एका गृहस्थानं बंगला बांधला. त्यांनी मला बोलावलं ते पोहण्याच्या टाकीसाठी.

"किती दिवसांत भरेल?" त्यांनी विचारलं.

"साहेब, भरेल. पण एप्रिल-मेमध्ये पाणी बदलू नका. विहिरीला झेपणार नाही."

ते गच्चीवरून समुद्राकडे बोट दाखवून म्हणाले, "अहो, एवढं पाणी समोर आहे आणि तुम्ही टंचाई कसली सांगताय?"

मी टाकी भरून दिली. समुद्रापासून पन्नास पावलांवर, गोड्या पाण्यानं. परत येताना नाक्यावर चार जणांना हा किस्सा सांगून पोट धरून हसलो. टाकी भरली कुणी, हे मात्र सांगितलं नाही.

आता शरदभाऊंकडे वळतो. आळीत सगळ्यात मोठी वाडी त्यांची. स्वभावानं दिलदार, बोलायला मोकळे, कामाला वाघ. त्यांच्या आठ खोल्या बारा महिने भरलेल्या असायच्या. विहीर पुरेना म्हणून त्यांनी बोअर मारली, खाली खडकापर्यंत, आणि तिच्यात पाच हॉर्सपॉवरची पाण्यात बुडणारी मोटार सोडायला मला बोलावलं. मी सोडली. बटण दाबल्यावर मनगटाएवढी धार फुटली. भाऊंनी पेढे वाटले. गोमाजी कुंपणाशी उभा होता. तो पेढा हातात धरून म्हणाला, "ह्ये आपलं पानी न्हाय भाऊ. ह्ये खालच्याचं हाय."

त्यानंतर तीनेक महिन्यांनी, फाल्गुनात, सुमतीकाकूंचा निरोप आला.

सुमतीकाकू शरदभाऊंच्या चुलत वहिनी. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. वाडी लहान, आळीच्या टोकाला, समुद्राच्या सगळ्यात जवळ. आळीत सगळे मोटारी वाढवत गेले, पण या बाईंनी अर्ध्या हॉर्सपॉवरची जुनी मोटार बदलली नव्हती. मी पोचलो तेव्हा त्यांनी माझ्यासमोर चहा टाकला आणि दूध ओतलं. त्याच्या चिंध्या झाल्या.

"चार दिवस असंच चाललंय, दत्ता. मोटारीत काही बिघडलंय का बघ रे."

मी मोटार उघडली. आतला पंखा गंजलेला, पितळेवर हिरवट थर. खाऱ्या पाण्याची खूण मी डोळे मिटून ओळखतो. विहिरीत ओणवून पाणी चाखलं. मचूळ. दोन वाड्या पलीकडे शरदभाऊंची बोअर घरघरत होती, आवाज तिथपर्यंत येत होता. कारण मला ठाऊक होतं. ते माझ्या हातचंच काम होतं.

आणि मी काकूंना काय सांगितलं? "फूटव्हॉल्व्ह खराब झालाय, गाळ ओढतोय. बदलून देतो."

बदलून दिला. त्यांनी मला बिनदुधाचा चहा दिला, हातात दोन शहाळी ठेवली. आयुष्यात मी मोटारी जाळल्यात, चुकीचे पाइप घातलेत, एकदा तर एका माणसाची मोटार विहिरीच्या तळाला सोडून आलोय. त्यातल्या कशाचीच मला तेवढी लाज वाटत नाही, जेवढी त्या दोन शहाळ्यांची वाटते.

पुढची तीन-चार वर्षं आळी डोळ्यांदेखत विस्कटत गेली. काकूंच्या पोफळी पिवळ्या पडल्या, शेंडे बारीक झाले, कोवळी सुपारी गळायला लागली. मग त्यांच्या शेजारची विहीर गेली, मग त्याच्या शेजारची. माणसं एकमेकांची मोटार कधी सुरू होते यावर कान ठेवून बसू लागली. एकानं पहाटे चारला मोटार लावली की दुसरा साडेतीनला उठायचा. कुणाचा तरी पाइप कुणीतरी कापला. ज्या घरांतून एकमेकांकडे मोदकांची ताटं जायची, तिथे कुंपणाला पत्रे लागले. शरदभाऊंच्या मुलीच्या लग्नाला सुमतीकाकू गेल्या नाहीत. भाऊ म्हणाले, "वहिनींना माझं बरं झालेलं बघवत नाही." काकूंच्या पुण्यातल्या मुलानं वाडी विकायचं काढलं. दोन घरांना तर कुलपंच लागली. माणसं निघून गेली. टँकर यायला लागले, आणि टँकर ज्या गावाहून पाणी आणायचे त्या गावानं एक दिवस रस्त्यात दगड रचून टँकर अडवले.

वर्तमानपत्रांत हल्ली वाचतो की माणसं पृथ्वीकडून तिला वर्षभरात भरून देता येईल त्याहून जास्त ओढून घेतात, आणि हे असंच राहिलं तर समाज कोसळेल. तो कोसळणार म्हणजे काय, हे मला कुणी समजावून द्यायला नको. अकरा घरांत मी ते पाहिलंय. मोठा आवाज वगैरे काही होत नाही. नमस्कार बंद होतात. लोक एकमेकांच्या दारावरून मान खाली घालून जातात.

मग टाळेबंदीच्या वर्षी ते वादळ आलं.

त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय. मी एवढंच सांगतो की सकाळी जी वाडी होती ती संध्याकाळी नव्हती. माड मुळासकट आडवे, पोफळी मधून मोडलेल्या, कौलं उडून दुसऱ्याच्या अंगणात. कितीतरी आठवडे वीज नव्हती. मोटारी झाडांखाली चेपल्या होत्या, त्या मी करवतीनं फांद्या कापून काढल्या. सगळ्या आळीनं दोराला कळशी बांधून पाणी ओढलं. शरदभाऊंनीसुद्धा. त्यांच्या हाताला फोड आले होते. मला वाटलं, आता हे गाव संपलं. पोफळ लावायची म्हणजे फळ धरायला पाच-सात वर्षं. साठी-सत्तरीची माणसं आता कुणासाठी लावणार?

पुढच्या वैशाखात मी काकूंची चेपलेली मोटार दुरुस्त करून परत द्यायला गेलो. वाडीत बोडके बुंधे होते. शिंपायला झाडंच नव्हती. पाहुण्यांच्या खोल्या बंद. वर्षभर आळीत कुणी पाणी ओढलेलं नव्हतं, घरापुरतं सोडून. काकूंनी चहा केला. पायरीवर बसून मी अर्धा कप प्यायलो आणि मग थांबलो.

"काकू, दूध कुठलं?"

"नेहमीचंच. का रे?"

"पाणी टँकरचं?"

"टँकर कुठला आता! विहिरीचं."

वैशाख महिना. ज्या दिवसांत या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नसे, ते दिवस. मी कप खाली ठेवला, विहिरीवर गेलो, कळशीभर काढलं आणि ओंजळीनं प्यायलो. गोडं होतं. अगदी पूर्वीसारखं नसेल, पण गोडं. मग मी वेड लागल्यासारखा आळीत घरोघर गेलो. अकराही विहिरींचं पाणी प्यायलो. माझ्याकडे पाणी तपासायचं पेनासारखं छोटं यंत्र होतं, त्यानंही पाहिलं. पलीकडच्या दोन विहिरी थोड्या मचूळ होत्या, बाकी सगळ्या परत आल्या होत्या. एक वर्ष कुणी ओरबाडलं नाही, एक पावसाळा मुरू दिला, एवढंच झालं होतं. ज्या विहिरींना मी मेलेल्या समजत होतो त्या नुसत्या दमलेल्या होत्या.

काकूंकडे परत आलो आणि उभ्या उभ्याच सांगितलं. "काकू, तेव्हा फूटव्हॉल्व्ह चांगला होता. मी खोटं बोललो. पाणी बोअरनं खारं झालं होतं आणि बोअरची मोटार मी सोडली होती."

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जुना फूटव्हॉल्व्ह तू इथेच टाकून गेला होतास. मी तो धुऊन पाहिला. माझ्याही डोळ्यांना चांगलं-वाईट दिसतं, दत्ता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू इकडे यायचा बंद झाला असतास. मग मोटार कुणी बघितली असती?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "आणि हे मला एकटीला सांगून काय उपयोग? आळीला सांग."

आळीला सांगणं सोपं नव्हतं. मी वाडीवाला नाही, बाहेरचा. पण काकूंनी त्यांच्या पडवीत सगळ्यांना बोलावलं आणि वर्षानुवर्षं न बोलणारी माणसं, बहुतेक गुळाच्या पोळ्यांच्या वासानं, आली. मी म्हटलं, "पाणी परत आलंय. पावसाळ्यात तुम्ही नवी लागवड करणार. जुन्या मोटारी परत बसवल्यात तर तीन वर्षांत पुन्हा तेच होईल. मी यापुढे या आळीत अर्ध्या हॉर्सपॉवरहून मोठी मोटार बसवणार नाही. आणि बोअरमध्ये मोटार सोडणार नाही."

शरदभाऊ हसले. "मिस्त्री, तुम्ही मोटार विकणारे. पाण्याचा कायदा तुम्ही कधीपासून करायला लागलात?"

"कायदा नाही भाऊ. माझ्या हातचं मी नाही करणार, एवढंच."

"माझं घर आठ खोल्यांवर चालतं. मी काय करू? पाहुण्यांना सांगू, आंघोळ करू नका?" ते उठले. "तुम्ही नाही तर दुसरा मिस्त्री येईल."

त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. वादळात त्यांचं सगळ्यांत जास्त गेलं होतं. उरलेल्यांपैकी सहा घरं माझ्या म्हणण्याला तयार झाली, तीही अर्धवट. काकूंच्या वाडीत पहिली रोपं लागली. गोमाजीनं एक चांगली गोष्ट केली. प्रत्येक रोपाच्या आळ्यात त्यानं नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, उपडी मांडली आणि वर झावळ्या पसरल्या. ऊन थेट मातीला लागेना, त्यामुळे दोन दिवसांआड द्यायचं पाणी चार दिवसांआड पुरायला लागलं. "माजा आजा करायचा," तो म्हणाला. मी विचारलं, मग मधली वर्षं का नाही केलंस? तो म्हणाला, "मोटार हुती ना."

शरदभाऊंनी खरंच बाहेरचा मिस्त्री आणला. मार्गशीर्षात त्यांची बोअर पुन्हा सुरू झाली. तो आवाज ऐकला की सहा घरांतले लोक माझ्याकडे बघायचे. एकानं तर विचारलं, "आम्हीच का शहाणपणा करायचा?" काकू म्हणाल्या, "फाल्गुनापर्यंत थांबू या." कशाच्या जोरावर म्हणाल्या, कोण जाणे.

फाल्गुनात भर दुपारी शरदभाऊ मोटरसायकलवरून माझ्या शेडपाशी आले. गाडी उभी करून तसेच बसून राहिले.

"मिस्त्री, जरा येता?"

मी त्यांच्या वाडीत गेलो. त्यांनी चारशे पोफळी लावल्या होत्या. बोअरच्या आसपासच्या रोपांची पानं कडेनं करपली होती, वणवा लागून गेल्यासारखी. गोमाजी तिथे उकिडवा बसला होता. त्यानं एक रोप उपटून मुळं दाखवली. काळी पडली होती.

"मी भाऊंना दोनदा बोल्लो," तो म्हणाला. "बाकीची आता थोडंच वढतात, मंग आपन जिथनं वढतो तिथंच पयलं खारं येतं. आवंदा काकूंची इहीर वाचली आन् आपली गेली."

"यातली किती जगतील?" भाऊंनी विचारलं.

"पानी बदललं तर निम्मी."

भाऊंनी टोपी काढली, तोंड पुसलं. मला वाटलं चिडतील, त्या दुसऱ्या मिस्त्रीला शिव्या घालतील. ते म्हणाले, "काढा ती मोटार."

बोअरमधली मोटार काढणं म्हणजे पाइप एकेक करून वर ओढायचा, चिमटा लावायचा, खोलायचा, पुन्हा ओढायचा. आम्ही तिघांनी ओढला. भाऊ दोराला होते. दर पाइपाला ते काहीतरी बोलत होते, माझ्याशी असं नाही. "बाबांच्या वेळी दीडशे पोफळी होत्या. मी पाचशेवर नेल्या. सगळे म्हणायचे, शरदनं नाव काढलं." पुढच्या पाइपाला म्हणाले, "वहिनींच्या झाडांचं मला दिसत होतं हो. बघायचं नाही असं ठरवलं होतं." मोटार वर आली तेव्हा तिच्या अंगावर पांढरा क्षार होता. भाऊंनी तो नखानं खरवडला आणि जिभेला लावून पाहिला. मग मोटार तिथेच टाकून ते आळीच्या टोकाकडे चालत गेले. काकूंच्या घरात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. संध्याकाळी दोघांच्याही कुंपणांचे पत्रे गोमाजी काढत होता एवढं दिसलं. त्या वर्षी भाऊंची उरलेली रोपं काकूंच्या विहिरीच्या पाण्यावर जगली.

पुढच्या बैठकीला सगळी घरं होती. कुलूप लावून गेलेल्यांपैकीही एक जण आला होता. कोण कुणाहून शहाणा हा विषय निघाला नाही. ठरलं ते असं: प्रत्येकाकडे अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार, दिवसाआड एक तास, ठरलेल्या वेळेला, म्हणजे दोन शेजारच्या विहिरी एकदम उपसल्या जाणार नाहीत. पावसाळ्यात छपराचं पाणी पन्हळीनं विहिरीशेजारच्या खड्ड्यात सोडायचं. काकूंच्या विहिरीच्या आत मी तांबड्या रंगाची रेघ मारून दिली. पाणी तिच्या खाली गेलं की सगळ्यांनी एक वेळ चुकवायची. हे सगळं बरं चाललं होतं, पण एक प्रश्न उरला होता आणि तो काढायला कुणी धजत नव्हतं. एवढ्या पाण्यावर पूर्वीएवढी झाडं जगणार नव्हती.

तो शरदभाऊंनीच काढला. "मी तीनशेवर थांबतो," ते म्हणाले. "मागची सुरूच्या बनाकडची पट्टी मोकळी सोडतो. खोल्यापण चारच ठेवतो."

कुणीतरी म्हणालं, "भाऊ, तुमचं कसं भागणार?"

"भागेल. बाबांचं भागत होतं."

काकू म्हणाल्या, "मग मीही चाळीस कमी लावते." आणि एकेक जण स्वतःचा आकडा सांगू लागला, जणू काही लिलाव उलटा चालला होता. जास्तीची बोली लावणारी माणसं मी जन्मभर पाहिली. कमीची बोली लावणारी त्या दिवशी पाहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी मोटारीचं काही बघायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

सगळं छान झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. दोन विहिरी अजून मचूळच आहेत. एका घरानं गुपचूप मोठी मोटार बसवली होती, तिचा आवाज आळीनं ओळखला, आणि ती काढायला वर्ष गेलं. आमच्या आळीपलीकडे बोअर मारण्याच्या गाड्या फिरतच आहेत. उत्तरेकडे उरणला माझा भाचा कंटेनरच्या गाडीवर असतो, तो म्हणतो, "मामा, एका आळीनं काय होणार?" खरं आहे. समुद्रही पूर्वीच्या जागी राहिलेला नाही, सुरूच्या बनाची पुढची रांग गेली. आमची आळी म्हणजे जग नव्हे. पण जगात जे करणं अशक्य आहे असं म्हणतात, ते करताना मी अकरा घरांना पाहिलंय. थोडक्यात भागवायचं ठरवलेली, भांडून पुन्हा एका पडवीत बसलेली ती साधी माणसं होती. त्यांच्यात कुणी साधुसंत नव्हता.

आणि मला त्यांनी त्या पडवीत बसू दिलं. ज्यानं विहिरी खारवल्या त्यालाच त्यांनी रेघ मारायला सांगितलं. काकूंनी एका शब्दानं मला कधी टोचलं नाही. शरदभाऊ आजही चारचौघांत सांगतात की मिस्त्री म्हणत होते ते मी ऐकलं नाही. मी त्यांना मोटार विकली होती, हे ते सांगत नाहीत. गोमाजीला तर मी पस्तीस वर्षं हसलो, आणि आता लोक त्याच्याकडे सोडणं कशी मांडायची ते शिकायला पलीकडच्या गावांतून येतात. या तिघांचे उपकार मी कुठल्या शब्दांत सांगू?

नवीन पोफळींना यंदा पहिली सुपारी धरली. सुमतीकाकू आता ऐंशीच्या घरात आहेत, काठी घेऊन वाडीत जातात. मुलानं वाडी विकायचं नाव काढणं सोडलंय, सुट्टीत येऊन विहिरीत डोकावून रेघ बघतो.

माझा धंदा मात्र बसला. छोट्या मोटारी, गोडं पाणी, दिवसाआड एक तास. काही बिघडतच नाही. या वैशाखात तर आळीतल्या एकाही घरून मला बोलावणं आलं नाही. पस्तीस वर्षांत असा वैशाख मी पाहिला नव्हता. वैशाखात जेवायला सवड नसायची मला. शेवटी करमेना म्हणून एका सकाळी मीच गेलो. गोमाजी शरदभाऊंच्या वाडीत होता. मोटार हळू आवाजात चालू होती, आळ्याआळ्यांत पाणी झिरपत होतं.

"काय मिस्त्री, कुनी बोलावलं?"

"कुणी नाही."

त्यानं खांद्यावरचा पंचा काढून विहिरीच्या कठड्यावरची धूळ झटकली.

"मंग बसा की."